पवित्रजनांची सहभागिता
पुण्याच्या गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनच्या आवारात १८८५ मध्ये उभ्या राहिलेल्या पवित्र नाम देवालयात प्रभुभोजनाचा विधी होतो, तेव्हा ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण म्हणून भाकर व द्राक्षारस आशीर्वादित केला जातो, आणि या विधीचा गाभा याचना नसून उपकारस्तुती असतो. दिवंगत भाविकही या उपासनेत सामील असतात, ही धारणा म्हणजे ‘पवित्रजनांची सहभागिता’; तिच्यानुसार बाप्तिस्म्याने, म्हणजे मंडळीत प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराने, जुळलेले नाते मृत्यूनेही तुटत नाही. धर्मांतरामुळे आप्तांना दुरावलेल्या एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती माणसांसाठी हा विचार निव्वळ धर्मशास्त्राचा नव्हता. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात स्थापलेल्या ‘देवाचा दरबार’ या भक्तसंघात तर बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते.