स्टार गेला की प्रेक्षक गेले?

‘एनबीए म्हणजे शेवटी एकच माणूस,’ हे वाक्य अमेरिकेच्या या बास्केटबॉल लीगबद्दलच्या गप्पांत हमखास येतं. 2020 मध्ये मायकेल जॉर्डनवरची ‘द लास्ट डान्स’ ही माहितीपट मालिका आल्यापासून तर त्याला ऊतच आला आहे. जॉर्डन होता तोवर लोक बघत होते, तो गेला आणि टीव्ही बंद झाले. विषय संपला!

पुरावा म्हणून सांगितले जाणारे आकडे खरे आहेत. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीनुसार 1998 ची अंतिम मालिका अमेरिकेत दर सामन्याला सरासरी 2 कोटी 90 लाख लोकांनी पाहिली. पुढच्या वर्षी, जॉर्डन निवृत्त झाल्यावर, साधारण 1 कोटी 60 लाखांनी. पण त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या भांडणात हंगाम फेब्रुवारीपर्यंत सुरूच झाला नव्हता, 82 ऐवजी 50 सामने झाले आणि अंतिम मालिका पाचव्या सामन्यातच निकालात निघाली. हे कुणी सांगत नाही. जॉर्डनच्या जाण्याने फटका बसलाच, पण सगळं खापर त्यावर कसं फोडणार?

बरं, माणूस तोच ठेवून बघू. लेब्रॉन जेम्स पहिल्यांदा अंतिम फेरीत आला 2007 मध्ये. सरासरी प्रेक्षक 93 लाख. 2016 मध्ये 2 कोटींच्या वर, आणि एकट्या सातव्या सामन्याला 3 कोटींहून जास्त. 2020 मध्ये लेकर्ससारखा लाडका संघ, लेब्रॉनच विजेता, आणि प्रेक्षक जेमतेम 75 लाख! पुढच्या वर्षी तो अंतिम फेरीत नव्हता, तर आकडा उलट 99 लाखांवर गेला. आता बोला.

फरक मालिकांमध्ये होता. 2007 मध्ये लेब्रॉनचा संघ सलग चार सामने हरला. चुरस लागायला वेळच मिळाला नाही. 2016 मध्ये समोर स्टीफन करीचा 73 विजयांचा विक्रम केलेला संघ होता आणि लेब्रॉनच्या क्लीव्हलँडने 1-3 अशा पिछाडीवरून बाजी मारली. 2020 ची मालिका कोविडमुळे जूनऐवजी सप्टेंबरअखेर सुरू झाली, ऐन अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात. स्टार नवख्या प्रेक्षकाला टीव्हीसमोर आणतो. त्याला तिथे धरून ठेवतात प्रतिस्पर्धी, चुरस आणि प्रक्षेपणाची वेळ. 1980 मध्ये मॅजिक जॉन्सनने 42 गुण काढून विजेतेपद मिळवलं, तो सामना सीबीएसने अमेरिकेत बहुतेक ठिकाणी थेट न दाखवता रात्री उशिरा दाखवला होता. स्टार होता, दाखवायची तयारी नव्हती.

अशीच हमखास ऐकू येणारी आणखी तीन वाक्यं.

‘प्रेक्षक घटले, म्हणजे लीग बुडाली’: 2024 मध्ये एनबीएने 11 वर्षांचे प्रक्षेपण हक्क सुमारे 7,600 कोटी डॉलरना विकले.

‘महिलांचे सामने कोण बघतं?’: 2024 च्या अमेरिकी महाविद्यालयीन अंतिम सामन्यांत केटलिन क्लार्कच्या सामन्याला पुरुषांच्या सामन्यापेक्षा सुमारे 40 लाख प्रेक्षक जास्त होते. क्लार्कचा संघ हरला, तरी.

‘एखादा भारतीय एनबीएत गेला की इथेही चीनसारखी लाट येईल’: सतनाम सिंगला डॅलसने 2015 मध्ये निवडलं खरं, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. चिनी खेळाडू याओ मिंगचं उदाहरण देणारे विसरतात की तो 2002 मध्ये ह्यूस्टनला गेला, त्याच्या कितीतरी आधीपासून चीनचा सरकारी टीव्ही एनबीए दाखवत होता.