जयपूरचा मुक्काम: परकोट्यातली हवेली की बाहेरची कोठी?

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत जयपूरला निघालेल्या कुटुंबासमोर मधल्या दराचे दोन पर्याय हमखास येतात. एक परकोट्यातली, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आतली हवेली. दुसरी बनी पार्कसारख्या भागातली, बागबगीचा असलेली जुनी कोठी. दोन्हीकडे कमानी, झरोके, भिंतींवर रंगकाम, आणि भाडंही जवळपास सारखं. मग फोटो पाहून निर्णय होतो. अशा घरांत राहणं हा जयपूर समजून घेण्याचा फार चांगला मार्ग आहे, म्हणूनच काही पक्क्या समजुती आधी तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज १: नावात ‘हवेली’ आहे, म्हणजे वास्तू जुनीच.

वस्तुस्थिती: नाव कुणीही देऊ शकतं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ‘हेरिटेज’ श्रेणीसाठी इमारत १९५० पूर्वीची असावी लागते; ‘हेरिटेज क्लासिक’ आणि ‘हेरिटेज ग्रँड’साठी १९३५ पूर्वीची. हे वर्गीकरण ऐच्छिक आहे, त्यामुळे ते न घेतलेलं हॉटेल कमअस्सल ठरत नाही. खरी मेख वेगळीच आहे. अस्सल जुन्या वास्तूलाही मागे नवी इमारत जोडलेली असू शकते. फोटो दर्शनी दिवाणखान्याचा आणि आपली खोली मात्र नव्या इमारतीत, असं होऊ शकतं. नवी खोली वाईट नसते. पण पैसे जुन्या वास्तूसाठी मोजत असाल, तर ‘आमची खोली मूळ वाड्यात आहे का?’ हे बुकिंगआधी विचारा.

गैरसमज २: परकोट्यात राहिल्याशिवाय जयपूर कळत नाही.

वस्तुस्थिती: सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेलं, सरळ रस्ते आणि चौपडींनी आखलेलं हे शहर २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हवामहल, सिटी पॅलेस आणि जंतरमंतर एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. दुकानं उघडण्यापूर्वी, कोवळ्या उन्हात हे रस्ते पायी फिरायचे असतील तर परकोट्यातल्या मुक्कामाला तोड नाही.

पण आमेरचा किल्ला तिथून सुमारे ११ किलोमीटरवर आहे. त्यासाठी दोन्हीकडून वाहन लागतंच. शिवाय अरुंद गल्लीतल्या हवेलीच्या दारापर्यंत गाडी जाईलच असं नाही, बॅगा उचलून चालावं लागू शकतं. बनी पार्क रेल्वे स्टेशनच्या जवळ आहे. २०२० पासून स्टेशन आणि सिंधी कॅम्पहून मेट्रो थेट बडी चौपडला पोहोचते आणि तिथून हवामहल अगदी जवळ. संध्याकाळी बाजारात रिक्षा अडकलेल्या असतात, तेव्हा मेट्रो फार सोयीची पडते.

गैरसमज ३: जाड भिंतींमुळे खोली बारा महिने सुखद राहते.

वस्तुस्थिती: दगडचुन्याची जाड भिंत हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते. त्यामुळे दुपारी खोली थंड वाटते, पण मे-जूनमध्ये दिवसभर साठलेली उष्णता रात्री आत येते. गच्चीखालच्या खोलीला हा त्रास जास्त. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं: उंच छत आणि दगडी फरशी यांमुळे खोली गारठते. उन्हाळ्यात एसी आणि हिवाळ्यात हीटर व सकाळचं गरम पाणी यांची चौकशी दोन्हीकडे करावी.

गैरसमज ४: जुनं घर म्हणजे शांतता.

वस्तुस्थिती: चौकाभोवती बांधलेल्या घरात चौकातला प्रत्येक आवाज चारही बाजूंच्या खोल्यांत पोहोचतो. गच्चीवर रेस्टॉरंट असेल तर रात्रीची वर्दळ डोक्यावरच. देवउठनी एकादशीनंतर लग्नसराई सुरू होते; कोठीच्या हिरवळीवर लग्न ठरलेलं असेल, तर बँड तुमच्या खिडकीखाली वाजेल. आपल्या तारखांना हॉटेलात समारंभ आहे का, हे नक्की विचारा. जुने जिने बरेचदा उंच पायऱ्यांचे असतात. गुडघे दुखणारे आई-वडील सोबत असतील, तर तळमजल्याची खोली मिळेल याची खात्री करून घ्या.

गैरसमज ५: दोनशे रुपयांच्या फरकाने काय होतं?

वस्तुस्थिती: खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते, तर ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशेचा फरक जवळजवळ बाराशेवर जातो. करासहित अंतिम रक्कम आणि नाश्ता धरला आहे की नाही, एवढ्यावरच तुलना करा.

मग निवडायचं काय? दोघंच असाल, चालण्याची आवड असेल आणि थंडीचे दिवस असतील, तर परकोट्यातली हवेली घ्या. लहान मुलं, वयस्कर माणसं आणि स्वतःची गाडी असेल, तर बाहेरची कोठी सोयीची. आणि पैसे भरण्यापूर्वी दोन्हीकडे फोन करून आपल्याला मिळणाऱ्या खोलीचाच फोटो मागा. तो पाठवायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे बुकिंग करू नका.