घाटात गाडी बंद पडते तेव्हा

मोटारसायकल बंद पडण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिल्या तऱ्हेत चांगली पळणारी गाडी एका क्षणात गप्प होते, बऱ्याचदा मीटरवरचे दिवेही जातात. दुसऱ्या तऱ्हेत ती आधी आचके देते, पिकअप सोडते, ॲक्सिलरेटर पिळला तरी ओढत नाही आणि थोडं अंतर जाऊन शांत होते. पहिली तऱ्हा बहुधा करंटची, दुसरी बहुधा पेट्रोलची. एवढा फरक ज्यानं टिपला, त्याला मेकॅनिक फोनवरूनसुद्धा निम्मी गाडी दुरुस्त करून देतो. ‘अहो, बंद पडली, काय झालंय कळत नाही’ एवढंच सांगणाऱ्याला मात्र तोही काय करणार? म्हणून गाडी थांबली की पाना-पक्कड काढण्याआधी चार गोष्टी मनात पक्क्या करायच्या. दिवे होते की गेले? आचके आले का? जळक्याचा किंवा पेट्रोलचा वास आला का? आणि थांबण्याआधी खडखड, करकर असा काही वेगळा आवाज आला का? पुढे ज्याला ज्याला फोन कराल, तो हेच विचारणार आहे.

उदाहरणाला ताम्हिणी घाट घेऊ. पुण्याहून पिरंगुट, पौड करत मुळशीच्या जलाशयाकडे निघालं की पौडनंतर गॅरेजच्या पाट्या विरळ होत जातात. पुढे माणगावकडे उतरताना मोबाइलची रेंज मधूनमधून पार जाते. जुलै-ऑगस्टमध्ये वर धुकं, पाऊस आणि शनिवार-रविवारची गर्दी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तिथल्या क्रेन आणि गस्तीच्या गाड्या आपल्या उपयोगाच्या नाहीत. दुचाकीवाला असतो तो असल्या घाटरस्त्यांवर, जिथे मदत आपणच शोधायची असते.

पहिलं काम गाडी हलवण्याचं. वळणावर थांबायचंच नाही. दोन्ही बाजूंनी येणाऱ्याला लांबून दिसेल असा सरळ तुकडा गाठायचा. डोंगराच्या बाजूला उभं राहणार असाल तर वर नजर टाका. पावसाळ्यात जिथे ताजी माती आणि सुटे दगड रस्त्यावर आलेले दिसतात, तिथे दरडीखाली थांबू नका. उतार असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये सावकाश उतरवता येते, कारण मोटारसायकलच्या ब्रेकला इंजिन चालू असावं लागत नाही. मात्र बॅटरी पूर्ण गेली असेल तर एबीएस काम करत नाही आणि ब्रेकचा लाल दिवाही लागत नाही, हे धरून चाला. अंधारात किंवा धुक्यात दिव्यांशिवाय उतरू नये, ढकलत न्यावी.

हेल्मेट डोक्यावरच ठेवा. मागून येणाऱ्यांसाठी वीस-तीस पावलं अलीकडे झाडाची फांदी टाकली की आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला खूण कळते. दगड मांडू नका. गाडी दुरुस्त होऊन माणूस निघून जातो, दगड तिथेच राहतात आणि रात्री दुसरा दुचाकीवाला त्यांवर जातो. हे मी फार कळकळीनं सांगतोय. निघताना फांदीसुद्धा उचलून बाजूला टाका.

आता गाडी. सुरुवात क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींपासून करायची, कारण बंद पडलेल्या कितीतरी गाड्या त्यांतच सुटतात. उजव्या मुठीजवळचं लाल बटण, म्हणजे किल स्विच, रेनकोटच्या बाहीनं दाबलं गेलंय का? साइड स्टँड पूर्ण वर आहे का? नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर गिअर टाकताच इंजिन बंद होतं, आणि तिथल्या सेन्सरवर चिखल बसला की स्टँड वर असूनही तसंच होतं. पाण्यानं धुऊन बघा. पेट्रोलच्या काट्यावर चढ-उतारात विसंबू नका. झाकण उघडून गाडी हलवा आणि आवाज ऐका. झाकण उघडताना आत हवा खेचल्याचा ‘फस्स’ आवाज आला, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय आणि म्हणून पेट्रोल खाली उतरत नाहीये. अशा वेळी थोडं थोडं अंतर गेल्यावर थांबून झाकण उघडत गॅरेजपर्यंत पोचता येतं.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉक रिझर्व्हला फिरवला की काम व्हायचं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि साध्या कम्यूटर गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन बसलं. कॉक गेला, बहुतेक गाड्यांत टाकीतच विजेचा पंप आला. या पंपाला कान देण्याची सवय आजच लावून घ्या. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद टाकीतून बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो आणि थांबतो. तो येत असेल तर पंपाला करंट पोचतोय. अजिबात नसेल तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज, यांतलं काहीतरी गेलं. त्याच वेळी मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो थोड्या वेळात किंवा इंजिन चालू झाल्यावर विझायला हवा. चालू गाडीत तो लागून राहिला तर कॉम्प्युटरनं काहीतरी दोष पकडलाय, आणि फोनवर सांगायची ही महत्त्वाची गोष्ट.

फ्यूज सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरमागे बॅटरीजवळ असतो. त्याच डबीत बहुधा एखादा जादा फ्यूजही ठेवलेला असतो. उडालेल्याची आतली तार तुटलेली दिसते. तितक्याच अँपिअरचा बदला. तो पुन्हा लगेच उडाला तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागतेय, तिथे थांबा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी लावण्याचा सल्ला कुणी दिला तर हात जोडून नको म्हणा. पेट्रोलच्या टाकीखाली वायर पेटवण्याचा तो सरळ मार्ग आहे.

सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक-टक’ होत असेल, हॉर्न मलूल वाजत असेल, तर बॅटरी. पण ती मेली असं धरण्याआधी तिच्या दोन्ही टोकांचे स्क्रू हलवून पाहा. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते ढिले होतात आणि एका स्क्रू ड्रायव्हरनं प्रवास पुढे सुरू होतो. धक्का मारायचा असेल तर उतारावर दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून, वेग आल्यावर सोडायचा. इंजेक्शनच्या गाडीला त्यासाठीही बॅटरीत थोडा जीव लागतो. मीटरच लागत नसेल तर ढकलून दमू नका.

पाण्याचं मात्र वेगळं आहे. पावसानं प्लगची टोपी ओली होऊन गाडी मिसिंग करत असेल, तर टोपी काढून कोरड्या फडक्यानं पुसा. पण फरशी पुलावरच्या वाहत्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पाणी एअर फिल्टरच्या उंचीपर्यंत आलं असेल, तर सेल्फ किंवा किक मारायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे एकच काम, गाडी बाहेर काढून टेम्पो बोलावणं.

पंक्चर. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा हळूहळू जात असेल तर खिळा उपटू नका, हवा भरत पंक्चरवाल्यापर्यंत जा. पट्टीचं किट आणि छोटा पंप जवळ असेल तर प्रश्नच मिटला. तारांच्या, म्हणजे स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते. तिथे चपट्या टायरवर गाडी चालवली की ट्यूबचा वॉल्व उपटतो आणि पंक्चरच्या पैशात सुटणारं काम नव्या ट्यूबवर, कधी रिमवर जातं.

क्लच वायर तुटली तरी गाडी चालू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. न्यूट्रलमध्ये गाडी चालू करायची, उतारावर किंवा पायानं ढकलून चालण्याच्या वेगापर्यंत आणायची आणि पहिला गिअर टाकायचा. धक्का बसेल, पण गाडी निघेल. पुढचे गिअर बदलताना ॲक्सिलरेटर क्षणभर पूर्ण सोडायचा आणि त्याच क्षणी पायानं गिअर टाकायचा. थांबायचं असेल तर लांबूनच न्यूट्रल करायचं. गर्दीत हे जमत नाही, मोकळ्या रस्त्यावर जमतं. लांब जाणारे अनुभवी लोक आणखी एक गोष्ट करतात. नवी क्लच वायर जुनीच्या शेजारून, हँडलपासून इंजिनापर्यंत आधीच ओढून, टोकं टेपमध्ये गुंडाळून बांधून ठेवतात. तुटली की जुनीची टोकं सोडायची, नवीची अडकवायची. टाकी काढायला नको, वायर कुठून घालायची याचा शोध नको. भर पावसातही दहा-पंधरा मिनिटांचं काम.

चेन उतरली तर गाडी बंद करून, चावी खिशात घालून, मागचं चाक हातानं फिरवत बसवा. इंजिन चालू ठेवून हे करताना बोटं गेलेली आहेत.

इंजिनातून ठोके ऐकू येत असतील, खाली ऑइल सांडलं असेल, किंवा इंजिन जाम होऊन किकच दबत नसेल, तर हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. इथून पुढचं काम फोनचं.

रेंज नसेल तर जाणाऱ्या वाहनाकडे निरोप द्या. एसटीचा ड्रायव्हर आणि चहाच्या टपरीवरचा माणूस यांना त्या रस्त्यावरचा मेकॅनिक ठाऊक असतो. एकटे अडकला असाल, रात्र असेल, धोका वाटत असेल तर 112 फिरवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी हा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. दुखापत असेल तर 108 ची रुग्णवाहिका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ही हेल्पलाइन चोवीस तास आहे. अडकलेल्या वाहनाची खबर तिथे देता येते, पण गाडी दुरुस्त करून मिळेल अशी अपेक्षा धरू नका.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘तुम्ही नेमके कुठे आहात?’ इंटरनेट असेल तर लोकेशन पाठवता येतं. नसेल तर रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड शोधा. पिवळ्या माथ्याचा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या माथ्याचा असेल तर राज्य महामार्ग. दगडावरचं गाव, आकडा आणि तुमचं तोंड कुठल्या गावाकडे आहे एवढं सांगितलं, की येणारा माणूस घाटात तुम्हाला हुडकत फिरत नाही. मग सुरुवातीला मनात पक्क्या केलेल्या चार गोष्टी सांगा. गाडीचं मॉडेल आणि टायर ट्यूबलेस आहे की नाही तेही सांगा, म्हणजे मेकॅनिक बरोबर सामान घेऊन निघेल. मजुरी आणि येण्याजाण्याचे पैसे फोनवरच ठरवा.

विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर ते वापरा. पण त्याचा कागद घरी असतानाच वाचलेला बरा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात ते सहसा नसतं. किती किलोमीटरपर्यंत गाडी फुकट उचलून नेणार, वर्षातून किती वेळा, पंक्चर धरलंय का, हे पॉलिसीगणिक बदलतं. पेट्रोल आणून दिलं तरी पेट्रोलचे पैसे बहुधा आपलेच. हेल्पलाइनचा नंबर आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण अडचणीच्या वेळी मोबाइलची बॅटरीही संपलेली असते.

टेम्पो आलाच तर, गावाकडचा छोटा हत्ती असो की कंपनीची गाडी, चढवणं आणि बांधणं स्वतः उभं राहून बघा. इथे नुकसान सगळ्यात जास्त होतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. टेम्पोची मागची बाजू रस्त्याकडेच्या उंचवट्याला लावली की फळी जवळजवळ आडवी बसते आणि दोन माणसांत गाडी वर जाते. पुढचं चाक केबिनमागच्या पत्र्याला, शक्य तर कोपऱ्यात टेकवायचं. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. दोर हँडलच्या मुठीला बांधायचा नाही, केबल आणि ब्रेकची नळी चेमटते. मुठींच्या खाली, दोन्ही फोर्क एकत्र धरणाऱ्या जाड क्लॅम्पला बांधून दोन्ही बाजूंना तिरका खाली ओढायचा, पुढचे शॉकॲब अर्धे दबेपर्यंत. दोन्ही बाजूंचा ताण सारखा हवा. मागे तसाच एक दोर. साइड स्टँडवर झुकवून बांधली तर खड्ड्यात स्टँडच वाकतो. दोर टाकीला घासत असेल तिथे फडकं किंवा जुनी ट्यूब घाला. पहिला खड्डा गेल्यावर टेम्पो थांबवून दोर पुन्हा आवळा. शॉकॲब बसतात आणि दोर हमखास ढिला पडतो. निघण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढा.

गॅरेजमध्येही तेच चार मुद्दे, शक्य तर कागदावर. खर्चाचा अंदाज आधी, बदललेला जुना पार्ट आपल्या हातात. आणि गाडी तापल्यावर बंद पडली असेल, तर गॅरेजसमोरच्या एका फेरीवर ती ताब्यात घेऊ नका. असला दोष गार इंजिनात दिसतच नाही. मेकॅनिकला मागे बसवा आणि जवळच्या चढावर इंजिन पुरतं तापेपर्यंत चालवून आणा.