मोटारीतील ॲम्प्लिफायरचा फ्यूज

मोटारीतील ॲम्प्लिफायरचा फ्यूज (वितळतार) हे बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या धन तारेत बसविले जाणारे सुरक्षा साधन आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागल्यास त्यातील धातूची पट्टी वितळते व विद्युतमंडल खंडित होते. या फ्यूजचे मुख्य कार्य ॲम्प्लिफायरचे नव्हे, तर तारेचे संरक्षण करणे हे आहे.

आवश्यकता

बहुतेक मोटारींत बॅटरी बॉनेटखाली, तर ॲम्प्लिफायर डिकीत किंवा आसनाखाली असतो. त्यामुळे धन तार वाहनाच्या धातूच्या सांगाड्याजवळून काही मीटर न्यावी लागते. हा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेला असतो. घर्षणाने तारेचे आवरण फाटून ती सांगाड्यास टेकल्यास शॉर्ट सर्किट होते. १२ व्होल्टच्या बॅटरीचा झटका माणसास सहसा जाणवत नाही. परंतु ती अशा वेळी शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६ चौ. मिमी छेदाच्या ५ मीटर तांब्याच्या तारेत ४५ अँपिअरला सुमारे ११ वॅट, तर २०० अँपिअरला सुमारे २१५ वॅट उष्णता निर्माण होते. परिणामी आवरण वितळून आग लागू शकते.

स्थान

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितक्या जवळ, साधारणतः ४५ सेंमीच्या आत बसवितात. बॅटरी व फ्यूज यांमधील तार असंरक्षित राहते. ॲम्प्लिफायरवरील अंगभूत फ्यूज मुख्य फ्यूजची जागा घेऊ शकत नाही. कारण वाटेत शॉर्ट सर्किट झाल्यास प्रवाह त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. एका जाड तारेतून बारीक तारा काढल्यास प्रत्येक शाखेस स्वतंत्र फ्यूज लागतो.

क्षमतेची निवड

फ्यूजची क्षमता ॲम्प्लिफायरच्या गरजेपेक्षा किंचित अधिक, परंतु तारेच्या सुरक्षित प्रवाहक्षमतेपेक्षा कमी किंवा तितकीच असावी. उदाहरणार्थ, ५०० वॅट सातत्यपूर्ण शक्तीच्या व ८० टक्के कार्यक्षमतेच्या 'डी' वर्गीय ॲम्प्लिफायरला ६२५ वॅट पुरवठा लागतो. १३.८ व्होल्टला हा प्रवाह सुमारे ४५ अँपिअर होतो. म्हणून ५० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. 'एबी' वर्गीय ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता कमी असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी अधिक प्रवाह व जाड तार लागते. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध शुद्ध तांब्याहून अधिक असल्याने तीही अधिक जाड घ्यावी लागते.

जोडणीतील दक्षता

* काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.
* पत्र्याच्या छिद्रातून तार नेताना रबरी ग्रोमेट वापरावा.
* सर्व जोडण्या तपासल्यानंतर शेवटी फ्यूज बसवावा.
* सैल जोडणी तापते. त्यामुळे फ्यूजधारकाचे स्क्रू घट्ट आवळावेत.
* फ्यूज वितळल्यास आधी कारण शोधावे. त्याजागी अधिक क्षमतेचा फ्यूज, तारेचा तुकडा किंवा चांदी (फॉइल) लावल्यास संरक्षण नाहीसे होते व पुढील बिघाडात तारच फ्यूजप्रमाणे जळते.