जुनी एसटी, नवं काम (भाग ६) : खिडकीतलं ऊन

धाराशिवहून दुपारच्या गाडीनं सोलापूरला निघालेला जाणता प्रवासी डावीकडची खिडकी धरतो. गाडी दक्षिणेला चाललेली, सूर्य पश्चिमेला कललेला, म्हणजे सगळं ऊन ड्रायव्हरच्या बाजूला. तिकडचे लोक टॉवेल, पिशवी, वर्तमानपत्र, हाताला येईल ते काचेला लावून तुळजापूरची वाट बघत असतात. प्रवाशाला कळतं ते गाडीचं रूपांतर करणाऱ्यांना मात्र सुचत नाही. जुनी बस आणून तिचा दवाखाना, वर्ग किंवा वाचनालय करायचं ठरतं, गाडी मोकळ्या जागेत कशीही उभी केली जाते आणि आतलं रंगकाम झाल्यावर मार्च उजाडतो. मग पडदे येतात, काचेला काळा कागद लागतो आणि शेवटी एसीचं कोटेशन.

मागच्या आठवड्यात आपण टपाचं पाहिलं. टप एकदा नीट केला की त्याच्याकडे बघावं लागत नाही. खिडकीचं तसं नाही. तिच्यातून उजेड आणि वारा हवा असतो, ऊन नको असतं, आणि तिन्ही एकाच चौकटीतून येतात.

म्हणून आधी कामाकडे बघायचं. डोअर स्टेप स्कूलनं १९९८ पासून मुंबईत आणि पुढे पुण्यात चालवलेल्या फिरत्या शाळेत बस हाच वर्ग असतो. मुलांना पाटी-वही दिसायला हवी, तिथे खिडक्या बुजवून चालणार नाही. पुण्यात २०१६ पासून पीएमपीच्या जुन्या बसमध्ये ‘ती’ ही बायकांसाठीची स्वच्छतागृहं झाली. तिथे आडोसा आधी, खिडकी नंतर. २०२० च्या टाळेबंदीत एसटीनं आपल्याच गाड्या मालवाहू केल्या, बाकं काढून खिडक्या पत्र्यानं बंद केल्या. आंब्याच्या पेट्यांना बाहेर बघायचं नसतं. तुमच्या गाडीत कोण आणि किती वेळ बसणार, यावर किती काच ठेवायची ते ठरवा. रुग्ण तपासायच्या खोलीला दोन्ही बाजूंनी चार-चार खिडक्या कशाला हव्यात, हे मला कधी समजलेलं नाही.

आता सूर्याचा हिशेब. धाराशिव साधारण १८.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १२-१३ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेर इथे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. तोच शून्य सावलीचा दिवस. जुलैतला बहुतेक वेळा ढगांतच जातो. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य उगवतो तो पूर्वेच्या थोडा उत्तरेला, मावळतो तोही पश्चिमेच्या थोडा उत्तरेला, आणि दिवसभर उत्तरेकडेच राहतो. म्हणजे ऐन मेच्या उत्तरार्धात दक्षिणेकडच्या खिडकीवर थेट ऊन पडतच नाही. ‘दक्षिणेचं ऊन वाईट’ हे ऐकत आलेल्यांना हे पटत नाही. त्यांनी दुपारी बाराच्या पुढे गाडीच्या दक्षिण अंगाला उभं राहून बघावं.

मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून ऊन येतं, पण खूप उंचावरून. २१ मार्चचा हिशेब मांडला तर दोन फूट उंचीच्या खिडकीला वर आठ इंचांची पत्र्याची झालर दिवसभर पुरते. पुढे सूर्य चढत जातो तसं तेवढंही लागत नाही. याउलट पश्चिमेची खिडकी घ्या. मेच्या मध्यात घड्याळात साडेचारच्या आत-बाहेर सूर्य क्षितिजापासून ३३ अंशांवर असतो. त्या उन्हाला झालरीनं अडवायचं तर तीच दोन फुटी खिडकी झाकायला तीन फुटांची झालर लागेल, आणि सूर्य आणखी खाली येतोच आहे. तिथे झालरीचा उपयोग नाही, काच समोरूनच झाकायला हवी.

त्यामुळे बस एका जागी उभी राहणार असेल तर सगळ्यात मोठं काम फुकटात होतं. तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला गेल्या की बहुतेक खिडक्या आठ इंचांच्या हिशेबात येतात. तोंड पूर्वेला करा. पुढची मोठी काच सकाळचं ऊन घेते, तेव्हा हवा तरी गार असते. मागची छोटी काच दुपारच्या उन्हाला सामोरी जाते. शिवाय दार डावीकडे, म्हणजे उत्तरेला येतं. दारापुढे मांडव घातला की थांबलेल्या रुग्णांनाही सावली. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या खिडक्यांतून आत ऊन येतं, पण तेव्हा ते कोणाला नको असतं?

गाडी उत्तर-दक्षिण उभी केली तर काय होतं, तेही बघू. पश्चिमेला तीन बाय दोन फुटांच्या आठ खिडक्या धरा. मेच्या साडेचारला उभ्या काचेच्या दर चौरस मीटरवर सहाशे-साडेसहाशे वॅट ऊन आदळतं, असं मोकळ्या आकाशाचं गणित सांगतं. साधी काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत सोडते. बेरीज सव्वादोन किलोवॉटच्या घरात जाते. बाहेर पारा चाळिशीच्या आसपास असताना आत दोन हीटर लावून बसल्यासारखं. मग एसी आधी ते हीटर विझवणार आणि उरलं तर तुम्हाला गार करणार.

पडद्याचं दुखणं इथेच आहे. उन्हात साधारण निम्मी ऊर्जा डोळ्यांना दिसणारी आणि जवळपास तितकीच न दिसणारी, अवरक्त. दोन्ही साध्या काचेतून आत येतात. पडद्यावर, बाकावर पडून त्याची उष्णता होते. ही उष्णता ज्या लांब लहरींनी परत निघते त्यांना काच आरपार जाऊ देत नाही. म्हणजे पडदा तापला तो आतच तापला. फिका, चकचकीत पडदा थोडं ऊन आल्या वाटेनं परत लावतो, गडद मरून पडदा काहीच लावत नाही, आणि आपल्याकडे नेमका मरून पडदाच आवडतो.

सावली काचेच्या बाहेर पडायला हवी. त्यासाठी महागडं काही लागत नाही. रोपवाटिकेसाठी कृषी सेवा केंद्रात मिळते ती ७५ टक्क्यांची शेडनेट आणा. खिडकीपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठी कापा. वरच्या आणि खालच्या कडेला दुमड घालून शिवा, नाहीतर पहिल्या वावटळीत धागे सुटतात. दोन्ही दुमडींत बांबूची काठी सरकवा. वरची काठी खिडक्यांवरच्या पन्हळीला बसवलेल्या आकड्यांत अडकवा, खालची दोरीनं ताणून बांधा. जाळी काचेला चिकटू देऊ नका. चार बोटं अंतर ठेवलं की तापलेली हवा मधून वर निघून जाते आणि काच उघडी ठेवली तर वाराही येतो. गाडी फिरती असेल तर निघण्याआधी जाळ्या गुंडाळून आत टाका. गोणपाटही चालतं, ओलं केलं तर आणखी बरं, कारण इथला उन्हाळा कोरडा आहे; पण मेमध्ये गोणपाट ओलं ठेवण्याइतकं पाणी कोणाकडे असेल?

आतून लावायचा चंदेरी बबलशीट दुसऱ्या क्रमांकावर. रात्री मुक्कामाला आणि पुढच्या काचेला तो सोयीचा. चकचकीत बाजू काचेकडे करावी आणि ती पुसलेली असावी. धुळीचा थर बसला की चंदेरीपणा नावालाच राहतो.

काळ्या फिल्मविषयी दुकानदार सांगतो तितकं खरं नसतं. काळी फिल्म उजेड खाते आणि स्वतः तापते. त्या तापातला काही भाग आतच येतो. अवरक्त किरण अडवून उजेड सोडणाऱ्या सिरॅमिक फिल्म निघाल्या आहेत, त्या चांगल्या, पण महाग. त्यात कायदाही आहे. मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० नुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१२ मध्ये वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. पुढे २०२० मध्ये नियमात बदल झाला आणि त्या आधारे केरळ उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये मर्यादेतल्या फिल्मला हरकत नसल्याचं म्हटलं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला फिल्म लावायची तर पासिंगआधी आरटीओत विचारा. नोंदणी रद्द होऊन कायमची उभी राहिलेल्या गाडीला हा प्रश्न नाही.

नको असलेल्या खिडक्या मात्र खुशाल बुजवा. काच काढा, बाहेरून पांढरा रंग दिलेला पत्रा रिव्हेट करा, मध्ये दीड-दोन इंच रॉकवूल, आतून प्लायवूड. नुसता पत्रा मारू नका: ऊन अडतं, पण तापलेला पत्रा आत धग टाकत राहतो. बुजवायला सुरुवात पश्चिमेच्या टोकाकडून करा. वरचा वीतभर भाग सरकत्या झडपेसाठी ठेवा. धाराशिव बालाघाटाच्या पठारावर, सहाशे मीटरहून जास्त उंचीवर आहे; रात्री हवा उतरते आणि पातळ पत्र्याची गाडी लवकर निवते. संध्याकाळी सातला सगळ्या झडपा उघडायच्या, सकाळी आठला बंद करायच्या, हे गाडीची किल्ली ज्याच्याकडे असेल त्याच्या कामात लिहून द्या.

आणि संकटकाळी बाहेर पडायचा मार्ग, मग ते दार असो की खिडकी, बुजवू नका. त्याच्यावर जाळी लावली तर एका हिसक्यात निघेल अशी लावा. बांबू तिथे तारेनं नव्हे, सुटणाऱ्या गाठीनं बांधायचा.

पुढच्या भागात : पंखे, कूलर आणि बॅटरीचा हिशेब.