कुर्रा, सोडत आणि सी भाषेतला ‘रँड’

हजचा कुर्रा निघाला किंवा आरटीईच्या 25 टक्के जागांची सोडत लागली की घराघरांत एकच सवाल असतो: संगणकाने नावं काढली कशी? सगळ्यांना सारखी संधी होती ना? रत्नागिरीत आमच्या वर्गातल्या मुलांनीही हेच विचारलं. तेव्हा आम्ही फळ्यावर सी भाषेचा छोटा प्रोग्रॅम मांडला.

सीमध्ये रँड() हे फंक्शन 0 पासून रँड_मॅक्सपर्यंतचा एक आकडा देतं. रँड_मॅक्स किमान 32767 असतो. फाशासारखे 1 ते 6 हवे असतील तर आलेल्या आकड्याला 6 ने भागून बाकी घ्यायची आणि 1 मिळवायचा: रँड() % 6 + 1. कुठल्याही दोन आकड्यांसाठी सूत्र असं: लहान + रँड() % (मोठा - लहान + 1). कंसातला 1 विसरलात तर सर्वात मोठा आकडा कधीच येणार नाही. म्हणजे यादीतल्या शेवटच्या अर्जदाराचं नाव सोडतीत नसल्यातच जमा!

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या आकड्याची, म्हणजे ‘सीड’ची. रँड गणिताने आकडे काढतो. सुरुवात तीच, तर यादीही तीच. म्हणून आरंभी एसरँड(टाइम(नल)) लिहायचं, पण एकदाच. लूपमध्ये लिहिलं तर एका सेकंदात तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो.

तिसरी चूक सहज दिसत नाही. समजा 20,000 अर्ज आहेत आणि रँड 0 ते 32767 असे 32,768 आकडे देतो. बाकी घेतली की पहिल्या 12,768 अर्जांच्या वाट्याला दोन-दोन आकडे येतात, उरलेल्या 7,232 अर्जांना एकेकच. म्हणजे पहिल्यांना दुप्पट संधी, आणि कोणाची बेईमानी नसताना! उपाय सोपा: 20,000 किंवा त्याहून मोठा आकडा आला तर तो सोडून द्यायचा आणि पुन्हा काढायचा.

खऱ्या सोडतीला मात्र साधा रँड पुरत नाही. सेकंदावरून सुरुवात ओळखता आली तर निकालही ओळखता येतो. तिथे अंदाज बांधता येणार नाही अशी पद्धत लागते.

घरी मुलांना 60,000 वेळा फासा टाकणारा प्रोग्रॅम लिहायला सांगा. प्रत्येक आकडा साधारण 10,000 वेळा यायला हवा. इन्साफ नुसता मानायचा नसतो, मोजूनही बघता येतो.