रुमालाखालचे तारे

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास सांगलीत आमच्या घरी ऑनलाइन मागवलेला मिक्सर आला. खोक्यात भांडी, झाकणं, वॉरंटीचं कार्ड आणि त्याखाली गुळगुळीत कागदाची एक चिठ्ठी होती. पाच तारे द्या, दिलेल्या अभिप्रायाचा फोटो या नंबरवर पाठवा आणि दीडशे रुपये परत मिळवा. मिक्सरची पिन अजून बोर्डात घातलीही नव्हती! ज्या अभिप्रायांवर भिस्त ठेवून आम्ही तो निवडला, त्यांतले किती या चिठ्ठीच्या पोटी जन्मले असतील, देव जाणे. संक्रांतीला तिळाचं कूट करताना भांड्याखालचा कपलर तुटला, तेव्हा थोडाफार अंदाज आला.

गंमत म्हणजे त्या अभिप्रायांखाली ‘खात्रीशीर खरेदी’ असा शिक्का होता आणि तो खोटा नव्हता. दीडशे रुपये घेणाऱ्यानं वस्तू खरोखरच विकत घेतलेली असते. शिक्का खरेदीची साक्ष देतो, मताची नव्हे.

जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरत. दलाल आणि व्यापारी काय बोलले ते शेजारी उभ्या शेतकऱ्यालाही कळत नसे. नियंत्रित बाजाराचे कायदे आले आणि उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, तो याच कारणासाठी. आज सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघायला उभं राहा. खरेदीदार ढिगातलं हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो. चांगलं वाळलेलं असेल तर ते कडक आवाज करून तुटतं. मग बोली लागते, ती चारचौघांत. अंदाज चुकला तर भुर्दंड त्याच्याच खिशाला. माल हातात, पैसा स्वतःचा आणि बोली उघड. मोबाइलवरच्या ताऱ्यांत यातलं एकही हमखास नसतं. तिथं रुमाल परत आला आहे.

त्यातही काही गोष्टी ग्राहकाला कळूच शकत नाहीत. साताऱ्याच्या कंदी पेढ्याबद्दल चार जणांनी ‘जळका वास येतोय’ असं लिहिलं, तर त्यांचं ऐकावं. जीभ तेवढी साक्ष देऊ शकते. हळदीचं तसं नाही. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याआधी 2016 मध्ये सांगलीच्या बेदाण्याला. तेव्हापासून पाकिटावर ‘सांगली’ हा शब्द फार मोलाचा झालाय. पाकिटबंद पुडीखालचे अभिप्राय वाचा. ‘काय पिवळीधमक आहे!’, पाच तारे. आता, हळद पिवळीधमक दिसावी म्हणूनच तर तिच्यात मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट मिसळतात. म्हणजे भेसळ जितकी बेमालूम, तितके तारे जास्त! त्यापेक्षा ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाका आणि न हलवता तसंच ठेवा. शुद्ध पूड खाली बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. कृत्रिम रंग असेल तर पाणी गडद होतं. ही घरगुती चाचणी आहे, प्रयोगशाळेची जागा ती घेत नाही. पण शंभर अनोळखी लोकांच्या ‘मस्त’पेक्षा तिच्यावर माझा विश्वास जास्त.

खरा अभिप्रायसुद्धा फसवतो, हे मात्र कासला कळतं. साताऱ्याजवळचं हे पठार 2012 साली पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं. फुलं बहरतात ती साधारण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात जाऊन कुणी ‘नुसता कातळ आहे, पैसे वाया’ असं लिहून एक तारा दिला, तर तो माणूस खोटं बोलत नाही. तो चुकीच्या महिन्यात गेला, एवढंच. तेव्हा तारे मोजण्याआधी तारीख बघावी. महाबळेश्वरच्या हॉटेलबद्दलचं मत ऐन पावसाळ्यातलं की हिवाळ्यातलं, हेही बघावं; ओल आणि गळती जानेवारीत कुणाला दिसणार?

तारखांचा आणखी एक उपयोग आहे. महिनोनमहिने शांतता आणि मग एका आठवड्यात स्तुतीचा पूर, असं दिसलं की सावध व्हावं. कधीकधी चार्जरच्या पानावर चपलांचे अभिप्राय सापडतात. विक्रेत्यानं जुन्या मालाचे तारे नव्या मालाला चिकटवलेले असतात. मी स्वतः आता दोन आणि तीन तारेवाल्यांकडे आधी वळतो. ‘चटणी बारीक होते, पण दहा मिनिटांत मोटर तापते,’ असं लिहिणाऱ्यानं वस्तू वापरलेली असते. भाडोत्री माणूस सहसा इतकं घरगुती लिहीत नाही.

कायदा झोपलेला आहे, असं नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहिणं निषिद्ध आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 19000 हे मानक लागू झालं. विकत घेतलेले किंवा त्यासाठी माणसं नेमून लिहून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असं ते सांगतं. पण ते ऐच्छिक आहे. अमेरिकेत ऑक्टोबर 2024 पासून खोट्या अभिप्रायांवर दंडाचा नियमच आला. आपल्याकडे आधी ऐच्छिकपणाच्या गोडीगुलाबीत काही वर्षं घालवायची पद्धत आहे.

या दिवाळीत तुमच्या खोक्यातही तशी चिठ्ठी निघाली, तर फेकू नका. तिचा फोटो काढा, बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर कळवा. आणि वस्तू दोन-तीन महिने वापरून झाली की तुम्हीही चार ओळी लिहा. काय तापतं, काय गळतं आणि केव्हापासून, तेवढं आम्हाला पुरेल.